सुरकुती गालिच्याची, दुखणं फरशीचं

वर्धा जिल्ह्यात घरभर, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरायचा विचार असेल, तर आधी महिना ठरवा. रंग आणि दुकान मागाहून. दिवाळी ते फेब्रुवारी हाच आपल्याकडचा योग्य काळ. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवा करकरीत कोरडी असते आणि मृग लागला की पंधरवड्यात तीच हवा ओलसर, जड होते. गालिच्याच्या पाठीला कृत्रिम धाग्याचं कापड रबरी चिकाने जोडलेलं असतं. उष्णतेने तो चीक मऊ पडतो, दमटपणाने पाठ सैलावते. चारी बाजूंनी भिंती, पसरायला जागा नाही. मग गालिचा वर उठतो.

आमच्याकडे गालिचा आला तो आईसाठी. घर जुनं, शहाबादी फरशीचं. थंडीत पहाटे पाय खाली टेकवला की तिच्या गुडघ्यांतून कळ जायची. कारागीर उन्हाळ्यात मोकळा होता, म्हणून मेअखेरीस काम उरकलं. टेम्पोतून आलेला तापलेला रोल त्याने खोलीत उलगडून रात्रभर राहू दिला नाही. सॉल्युशन फासलं, हाताने दाबलं, कडा कटरने कापल्या. ताण असा दिलाच नाही. आषाढात पलंग आणि दार यांमधल्या वाटेवर पहिली लाट उठली. पोळ्यापर्यंत शेजारी आणखी उठल्या. एका रात्री आईचा अंगठा त्यात अडकला. दाराची चौकट हाताला लागली म्हणून ती वाचली. त्या रात्रीपासून सुरकुती हा विषय माझ्यासाठी शोभेचा राहिला नाही.

सल्ले बरेच मिळाले. कुणी म्हणालं, वर लोखंडी पेटी ठेवा. पेटीखालची लाट बाजूला सरकते, जात नाही. कुणी ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवायला सांगितलं. हे करू नका. बहुतेक स्वस्त गालिचे पॉलिप्रॉपिलीनचे असतात, ते साधारण १६० अंशांवर वितळतं आणि सुती कपड्यांची इस्त्री त्याहून गरम असते. फुगलेला भाग कापून जोडणं तर सगळ्यात वाईट. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की गालिचा थोडा आखडतो आणि कापलेल्या जागी फट उघडते. आम्हाला खरी गोष्ट सांगितली ती पुढे आलेल्या एका वयस्क कारागिराने : "काकाजी, पाऊस जाऊ द्या, मंग हात लावतो. आधी पानी कुठून येते थे पाहा."

ते पाहायची रीत सोपी आहे. एका कोपऱ्यातला गालिचा उचलायचा, फरशी पुसून कोरडी करायची, दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचं आणि किमान १६ तास हलवायचं नाही. काढल्यावर खालून थेंब दिसले किंवा फरशी काळवंडली, तर ओल जमिनीतून येते आहे. कोरडं निघालं, तर दोष हवेतल्या दमटपणाचा, कूलरचा किंवा न दिलेल्या ताणाचा.

आमच्याकडे थेंब निघाले. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुन्या घरांत फरशीखाली ओल अडवणारा थर नसतोच, त्यामुळे वाफ सांध्यांतून वर येते. मोकळ्या फरशीवर ती उडून जाते, कळतही नाही. सेवाग्रामच्या बापू कुटीत जमीन मातीची, सारवलेली. अशा जमिनीवर पूर्वीपासून चटईच अंथरली गेली, कारण ती उचलून उन्हात टाकता येते. चिकटवलेल्या गालिच्याखाली मात्र ओल कोंडते आणि पाण्यात कालवलेलं सॉल्युशन पुन्हा लिबलिबीत होतं.

आम्ही सगळा गालिचा उखडला, उन्हात वाळवला, फरशी दिवाळीपर्यंत उघडी ठेवली. पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायाशीच पडत होतं, ते नालीकडे वळवलं. सांधे भरून घेतले. पुन्हा प्लास्टिक लावून पाहिलं, कोरडं निघालं, तेव्हाच काम सुरू केलं. या वेळी सॉल्युशन नाही. भिंतीलगत बारीक खिळ्यांची ग्रिपर पट्टी, मध्ये पातळ, घट्ट अस्तर. अस्तर ११ मिलिमीटरहून जाड घेऊ नका. पायाखाली छान वाटतं, पण गालिचा वरखाली होऊन सैलावतो.

ताण ही या कामातली खरी कारागिरी. लांबी-रुंदीत साधारण एक ते दीड टक्का ताण लागतो, म्हणजे बारा फुटांच्या खोलीत दीड ते दोन इंच. गुडघ्याने ढकलायच्या अवजाराने कडा बसतात, अख्खी खोली ताणली जात नाही. त्यासाठी समोरच्या भिंतीला टेकून ढकलणारा लांब स्ट्रेचर हवा. वर्ध्यात मिळाला नाही तर नागपूरहून मागवावा लागेल. थांबा, पण त्याच्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. पैसे ठरवण्याआधी हे अवजार डोळ्यांनी पाहा.

कूलर खोलीत असेल तर समोरची खिडकी उघडी हवी आणि टाकीखाली ट्रे. पलंग-कपाट ओढू नका, उचला. गालिचा बादलीभर पाण्याने धुऊ नका. विनाईल अंथरलं असेल तर भिंतीपाशी अर्ध्या सेंटिमीटरची फट ठेवून ती पट्टीने झाका, कारण उन्हाने तेही वाढतं.

दुरुस्तीला दिवाळी उजाडेल, पण घरात म्हातारं माणूस असेल तर सुरकुती त्या दिवशीच वाटेतून जायला हवी. पडण्यामुळे जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात साठीपुढची सर्वाधिक. म्हणून पलंगाची जागा बदला, नाहीतर चालायच्या वाटेवरचा पट्टा कापूनच काढा. तिथे गालिच्याचा मोह धरू नका. वरून सतरंजी तर मुळीच टाकू नका, पाय अडकायला दुसरी कड तयार होते. संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर रात्री छोटा दिवा चालू ठेवा.

उचललेल्या गालिच्याच्या पाठीवर काळे ठिपके आणि कुबट वास असेल, तर तो वाळवून परत अंथरू नका. ती बुरशी आहे, आणि घरात कुणाला दमा असेल तर तो गालिचा त्याच दिवशी बाहेर काढा.