जुन्या पिकअप गाडीचा कार्बोरेटर : खोलणें, साफ करणें व जुळविणें

साक्री तालुक्यांत कांदा निघूं लागला म्हणजे पिंपळनेरच्या बाजाराकडे वाहनांची रीघ लागते. अशा हंगामांत ज्याच्या पदरीं पेट्रोलवर चालणारी जुनी जीप जातीची पिकअप गाडी आहे, त्याची पुष्कळदां अडचण होते. गाडी सकाळीं लवकर सुरू होत नाहीं. झाली तर काळा धूर सोडते. आणि भरल्या ओझ्यानें कोंडाईबारीचा घाट चढतांना दम टाकते. मालक कंटाळून गाडी भंगारांत देतो, किंवा जुना कार्बोरेटर फेकून बाजारांत मिळेल तो नवा बसवितो. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग बहुधा घाईचे आहेत. कार्बोरेटर झिजून निकामी होतो त्यापेक्षां मळून व चुकीच्या जुळणीनें अधिक वेळां बिघडतो. अर्ध्या दिवसाचें स्वच्छ व सावकाश काम त्यास पुन्हा कामास लावूं शकतें. तें कसें करावें, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

मुंबईस १९४७ सालीं महिंद्र कंपनीनें विलीस जीप गाड्यांची जुळणी सुरू केली. त्या घराण्याच्या पेट्रोल गाड्यांवर कार्टर किंवा सोलेक्स जातीचे कार्बोरेटर आढळतात. दोहोंची ठेवण निराळी असली तरी तत्त्व एकच आहे.

कार्बोरेटरचें काम

पांझरा नदीच्या फड पद्धतींत पाटकरी ज्याप्रमाणें प्रत्येक फडास मोजून पाणी देतो, त्याप्रमाणें कार्बोरेटर इंजिनास मोजून पेट्रोल देतो. शुद्ध पेट्रोलाच्या एका भागास वजनानें सुमारें १५ भाग हवा लागते. पाट अरुंद झाला कीं पाण्याचा वेग वाढतो. तशीच हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यांतून वेगानें जाते व तेथें तिचा दाब कमी होतो. फ्लोटच्या वाटींतील पेट्रोलावर मात्र बाहेरील हवेचा पूर्ण दाब असतो. त्यामुळें तें जेटच्या बारीक भोकांतून वर चढतें व तुषार होऊन हवेंत मिसळतें. वाटींतील पेट्रोलाची पातळी फ्लोट व त्याची सुई राखतात. घरावरील टाकींत पाणी भरलें कीं तरंगता गोळा नळ बंद करतो, तसाच हा प्रकार आहे.

आधीं निदान, मग पाना

कार्बोरेटर खोलण्यापूर्वीं ठिणगी बरोबर पडते कीं नाहीं, पेट्रोल पंपापर्यंत व पुढें वाटीपर्यंत पोंचतें कीं नाहीं, आणि हवेचें गाळणें धुळीनें तुंबलें नाहीं ना, हें पाहावें. उन्हाळ्यांत आपल्या कच्च्या रस्त्यांवरील धूळ गाळण्याचा श्वास कोंडते. मग मिश्रण दाट होऊन काळा धूर निघतो, व दोष मात्र कार्बोरेटरच्या माथीं येतो. प्लग काढून पाहावा. तो काजळीनें काळा असल्यास पेट्रोल बहुधा अधिक जात आहे. पांढराफटक असल्यास व इंजिन कार्बोरेटरांतून उलट फटके मारीत असल्यास पेट्रोल कमी पडत आहे किंवा कोठून तरी चोरटी हवा शिरत आहे. इंजिन मंद चालूं ठेवून कार्बोरेटरच्या बुडाशीं सांध्यावर साबणाचें पाणी सोडावें. इंजिनाची चाल त्यासरशीं बदलली, तर पॅकिंग गळत आहे असें समजावें.

खोलतांना

इंजिन पूर्ण थंड असावें. काम मोकळ्या जागीं करावें, बॅटरीची तार काढून ठेवावी, व जवळ वाळूची बादली असावी. पेट्रोलाची वाफ हवेपेक्षां जड असल्यानें जमिनीलगत पसरते. दूरवरची विडी किंवा चूलदेखील तिला पेटवूं शकते. दांड्या कोठें जोडल्या आहेत त्याचें चित्र कागदावर काढावें. मंद चालीचा स्क्रू हलक्या हातानें आंत बसेपर्यंत फिरवून किती फेरे झाले तें लिहून ठेवावें, व नंतर तो काढावा. सुटे भाग पांढऱ्या कापडावर ज्या क्रमानें निघाले त्या क्रमानें मांडावे. जेटें पितळेचीं व मऊ असतात. खांचेंत नेमका बसणारा पेचकसच वापरावा.

साफसफाई

धातूचे भाग कार्बोरेटरच्या द्रावणांत किंवा रॉकेलांत भिजवून मऊ ब्रशानें घासावे, आणि प्रत्येक वाटेंतून दाबाची हवा सोडावी. त्या वेळीं डोळ्यांवर चष्मा असावा. रबर, पडदे व फ्लोट तीव्र द्रावणांत घालूं नयेत.

जेटांत तार किंवा सुई कधींही घालूं नये. सोलेक्सच्या जेटावरील आंकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो. १२० आंकड्याचें भोंक १.२० मिलिमीटरचें असतें. तारेनें खरवडून तें १.३० झालें, तर व्यास थोडासाच वाढलेला दिसतो, पण भोकाचें क्षेत्र सुमारें १७ टक्क्यांनीं वाढतें. तितक्या प्रमाणांत मिश्रण दाट होऊन पेट्रोल वायां जातें. साफ करण्याच्या हौसेनें केलेलें हें नुकसान नंतर कोणताही स्क्रू भरून काढीत नाहीं.

तपासणी

फ्लोट कानाशीं धरून हलवावा. आंत पेट्रोल खळखळल्यास तो फुटला आहे. अशा फ्लोटास घरीं डाग देऊं नये. आंतील वाफ भडकण्याचा धोका असतो, आणि डागाच्या वजनानें पातळीही बिघडते. नवा घ्यावा. सुईच्या टोंकावर गोल चरा पडला असल्यास सुई व तिची बैठक दोन्ही एकदमच बदलावीं. वरचें झांकण कांचेवर ठेवून पाहावें. डगमगल्यास तें वाकलें आहे. थ्रॉटलचा दांडा बोटानें हलवावा. फार हलत असल्यास तेथून चोरटी हवा शिरते, व त्यास नवी बुश बसविण्यासाठीं कारागिराकडे जाणेंच योग्य.

पातळी, जोडणी व जुळणी

फ्लोटची पातळी त्या त्या जातीच्या पुस्तकांत दिलेल्या मापाप्रमाणेंच ठेवावी. एकाचें माप दुसऱ्यास लावूं नये. पातळी उंच झाली तर पेट्रोल ओसंडतें. खालीं गेली तर गाडी सपाटीवर चालते आणि घाटांत मरते. फ्लोटची पट्टी वाकवितांना सुईवर दाब येऊं देऊं नये.

सर्व पॅकिंगें नवीं घालावीं. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावे. एकाच बाजूनें जोरानें आवळल्यास झांकण वाकतें. पाय दाबल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडतो व सोडल्यावर पूर्ण मिटतो, याची खात्री करावी. पेट्रोल सोडून गळती पाहावी. सर्व सांधे कोरडे दिसल्यावरच इंजिन चालू करावें. तें तापल्यावर मंद चालीचा स्क्रू आंत फिरवीत न्यावा. चाल अडखळली कीं थांबावें. मग बाहेर फिरवीत चाल पुन्हा बिघडेपर्यंत न्यावा, व या दोहोंमध्यें जेथें इंजिन सर्वांत गुळगुळीत चालतें तेथें सोडावा. शेवटीं ओझें घालून चढावर परीक्षा घ्यावी, आणि प्लग विटकरी-तपकिरी दिसतो कीं नाहीं तें पाहावें.

आजच्या पेट्रोलाविषयीं

जुन्या पुस्तकांत न सांपडणारी एक गोष्ट येथें सांगणें अवश्य आहे. २०२५ पर्यंत आपल्या देशांतील पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळूं लागलें. तें ऊंस, मका व तांदूळ यांपासून होतें, म्हणजे त्यांत आपल्याच शेतांतील माल आहे. परंतु जुन्या गाड्या त्यासाठीं घडविलेल्या नाहींत. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व पडदे फुगवितें, टाकींत वर्षांनुवर्षे बसलेला मळ सुटा करतें, आणि हवेंतील पाणी ओढून घेतें. पाणी फार झालें तर इथेनॉल व पाणी मिळून खालीं बसतात आणि पेट्रोल वर राहतें. शिवाय या पेट्रोलाच्या एका भागास सुमारें साडेतेरा भाग हवाच पुरते, म्हणून जुन्या जेटांनीं मिश्रण किंचित पातळ होतें. यासाठीं इथेनॉलास टिकणाऱ्या नळ्या व पडदे घालावे, पंपापूर्वीं गाळणी बसवून ती आरंभीं वारंवार तपासावी, आणि पावसाळ्यांत गाडी फार दिवस उभी राहणार असल्यास टाकी व वाटी रिकामी करून ठेवावी. जेटाचा आंकडा बदलणें मात्र प्लगचा रंग पाहून, जाणत्याच्या सल्ल्यानेंच करावें.

कोणता कार्बोरेटर दुरुस्त करूं नये, हेंही सांगितलें पाहिजे. ज्याच्या शरीरास तडा गेला आहे, किंवा ज्याचे स्क्रूंचे आटे खाऊन गेले आहेत, त्यावर पैसा घालणें व्यर्थ आहे; त्या ठिकाणीं नवाच घ्यावा, परंतु त्याच जातीचा व त्याच मापाचा. बाकीच्यांस स्वच्छता, मोजमाप व धीर एवढेंच औषध पुरतें. काम झाल्यावर तारीख, जेटांचे आंकडे, फ्लोटचें माप व स्क्रूचे फेरे एका पुठ्ठ्यावर लिहून तो गाडींत ठेवावा. पुढील हंगामांत पाना कोणाच्याही हातीं असला, तरी त्यास अंदाजानें काम करावें लागणार नाहीं, आणि कांद्याचें ओझें घाटांत अडणार नाहीं.