द्यूताचे गणित

द्यूत वाईट, हे आपण बालपणापासून ऐकत आलो आहो. धर्मराजाने राज्य, बंधू आणि अखेर द्रौपदी पणास लावली, ही कथा कोणास ठाऊक नाही? परंतु त्या कथेवरून पुष्कळांचा असा समज होतो की, शकुनीने कपट केले म्हणूनच धर्मराज हरला. खेळ सरळ असता तर हानी झाली नसती. हा समज घातक आहे. द्यूत चालविणाऱ्यास जिंकण्यासाठी कपटाची गरजच नसते. ते कसे, हे साध्या अंकगणिताने पाहू.

प्रथम मटक्याचे उदाहरण घेऊ. न्यूयॉर्कहून मुंबईस येणाऱ्या कापसाच्या भावांतील आकड्यांवर पूर्वी लोक पैजा लावीत. १९६१ साली ते भाव येणे बंद झाले, तेव्हा मडक्यात चिठ्ठ्या घालून आकडा काढण्याची रीत पडली, आणि त्या मडक्यावरून खेळास मटका हे नाव मिळाले. १८८७ सालच्या जुगारप्रतिबंधक कायद्याने हा खेळ गुन्हा ठरतो. तरीही कोल्हापूरच्या वृत्तपत्रांत मटक्याच्या अड्ड्यांवरील धाडींची वार्ता वारंवार वाचावयास मिळते.

आता हिशेब पाहा. शून्यापासून नवापर्यंत आकडे दहा. एका आकड्यावर एक रुपया लावला व तोच आकडा आला, तर सामान्यतः नऊ रुपये हाती येतात. समजा, एकाच मनुष्याने दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला. त्याचा आकडा येणार हे निश्चित. तरीही दहा रुपये देऊन त्यास नऊच मिळतात! हे दहा आकडे दहा निरनिराळ्या मनुष्यांनी लावले, तरी हिशेब बदलत नाही. दोन आकड्यांच्या जोडीत प्रकार शंभर आणि मोबदला नव्वदपट; म्हणजे तोटा तोच, शेकडा दहा. केवळ बक्षीस मोठे दिसते.

शेकडा दहा हा तोटा कोणास अल्प वाटेल. परंतु खेळणारा एका डावाने थांबत नाही. हाती आलेले पुन्हा लावतो. शंभर रुपयांचे सरासरीने पहिल्या फेरीनंतर नव्वद, दुसरीनंतर एक्याऐंशी उरतात, आणि सातव्या फेरीअखेर अठ्ठेचाळीसही उरत नाहीत. आठवड्याचा पगार घेऊन अड्ड्यावर जाणाऱ्याच्या घरी चूल का पेटत नाही, याचे उत्तर त्याच्या दैवात नसून या गुणाकारात आहे.

गोव्यात मांडवी नदीतील जहाजांवर द्यूतगृहे आहेत आणि तेथील थाट निराळा आहे. गणित मात्र त्याच जातीचे. रूलेटच्या चाकास एका शून्यासह ३७ घरे असतात. प्रत्येक घरावर एकेक रुपया लावला, तर जिंकलेल्या घराचे मुद्दलासह ३६ रुपये परत येतात. तोटा शेकडा सुमारे २.७. दोन शून्ये असली की घरे ३८ होतात, मोबदला तोच राहतो, आणि तोटा शेकडा ५.२६ होतो. एक शून्य वाढविताच तोटा जवळजवळ दुप्पट होतो! एक शून्याचे चाक निवडणारा शहाणा खरा. पण त्याचे शहाणपण एवढेच की, तो सावकाश हरतो.

कोणी म्हणतील, “सात हा आकडा पुष्कळ दिवसांत आला नाही, आता तो येणारच.” जुने आकडे मांडून तक्ते करणारे याच भ्रमात असतात. परंतु मडक्यास स्मरण नसते आणि चाकास दया नसते. सोडत सरळ असेल, तर सात येण्याचा संभव काल जितका होता तितकाच आज आहे: दहांत एक.

१६५४ साली पास्कल व फर्मा या फ्रेंच गणितज्ञांमध्ये जुगाराच्या प्रश्नांवरून पत्रव्यवहार झाला, आणि त्यातून संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया घातला गेला. आज विमा, वैद्यक व हवामान या शास्त्रांस त्याचा मोठा आधार आहे. द्यूतापासून मानवजातीस लाभलेले हेच एक खरे धन होय.

विद्यार्थिमित्रहो, कोणी तुम्हांस खेळावयास बोलावील, तेव्हा दोनच प्रश्न विचारा: फळे किती संभवतात? आणि जिंकल्यास किती पट मिळते? पट कमी असेल, तर खेळ कितीही सरळ असो, तो तुमच्यासाठी मांडलेला नाही. तेथे उत्तम डाव एकच: न खेळणे.