विजन आणि संगती

आचारधर्मात भिक्षा व अटन यांसोबत विजनाचाही विधी आहे. मग एकांतसेवी साधकाला समुदाय कशासाठी? कारण एकांतात आळसही वैराग्याचे वस्त्र पांघरतो. तो ओळखण्यास दुसऱ्याची दृष्टी लागते. श्रीप्रभूंच्या नंतर मार्गाची धुरा वाहणाऱ्या श्रीनागदेवाचार्यांनी म्हाइंभट, महदाइसा, केसोबास आदींना असेच सांभाळले. ‘स्मृतिस्थळ’ त्याची साक्ष आहे. तेव्हा विजनातून परतताच, स्मरण कोठे खंडले, हे साधकाने आपल्या अधिकरणास सांगावे. लाजेने झाकलेला दोष वाढतो. अधिकरणानेही ते अन्यत्र उच्चारू नये. नाहीतर पुढचा साधक मुका होईल. वासनिकांनीही गुरुदर्शनास जाताना दानासोबत हा हिशेब न्यावा. दंडवत प्रणाम.