बाळाच्या रिपोर्टमधला ‘पॉझिटिव्ह’

वस्तीतल्या एका बाळंतिणीने तीन आठवड्यांच्या बाळाचा ‘टॉर्च’ तपासणीचा कागद माझ्यापुढे धरला. ‘टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह’ या ओळीखाली पेनाने रेघ ओढलेली. घरात तिलाच बोल लावणे सुरू झाले होते.

टॉक्सोप्लाझ्मा हा डोळ्यांना न दिसणारा परजीवी. मांजराच्या विष्ठेने दूषित झालेली माती, न धुतलेली भाजी, अर्धेकच्चे मटण यांतून तो पोटात जातो. गरोदरपणात आईला पहिल्यांदाच लागण झाली, तर तो वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो. दिवस राहण्याच्या बऱ्याच आधी होऊन गेलेली लागण सहसा बाळाला होत नाही.

लागणीशी लढायला शरीर रक्तात अँटिबॉडी तयार करते. त्यातली आयजीजी आईच्या रक्तातून वार ओलांडून बाळाला मिळते. म्हणजे बाळाच्या कागदावर दिसणारी आयजीजी आईचीच असू शकते. आयजीएम आणि आयजीए मात्र वार ओलांडत नाहीत, म्हणून त्या बाळात सापडल्या की संशय बळावतो. तरी नाळेचे रक्त घेतले असेल, तर त्यात आईचे रक्त मिसळण्याची शक्यता असते. बाळाचे स्वतःचे रक्त काही दिवसांनी पुन्हा तपासावे लागते. आणि आयजीएम निगेटिव्ह आली म्हणजे बाळ सुटले, असेही नाही. लागण झालेली बरीच बाळे जन्मतः ठणठणीत दिसतात, डोळ्यांचा त्रास पुढे कळतो.

पक्के कळायला वर्ष जाते. आईकडून आलेली आयजीजी हळूहळू उतरते आणि साधारण पहिल्या वाढदिवसापर्यंत संपते. औषधाविना संपली तर बाळाला लागण नव्हती. वर्षानंतरही टिकली, तर ती बाळाची स्वतःची. म्हणून डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख चुकवू नका, गावी गेलात तरी. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. लॅब बदलली की आकड्यांची तुलना होत नाही. सगळे कागद एका पिशवीत ठेवा, आईचेसुद्धा.

संशय दाट असेल तर डॉक्टर वर्षभर थांबत नाहीत. डोळे तपासतात, डोक्याची सोनोग्राफी करतात. पायरीमेथामिन, सल्फाडायझिन आणि फोलिनिक अ‍ॅसिड साधारण वर्षभर चालते, मधूनमधून रक्त तपासून. बाळ छान दिसते म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये.

त्या बाईचा पहिला प्रश्न वेगळाच होता. अंगावर पाजू की नको? पाजा. या लागणीसाठी दूध तोडायचे काही कारण नाही.