जॅकेट नसले तरी चालेल, श्वास मात्र रोखू नका

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या तरण तलावाच्या तळाच्या काही फरश्या निघाल्या आहेत. तिथे पाणी ३ मीटर आहे. तरंगण्याचे जॅकेट न घालता, नुसते स्कूबा सिलिंडर लावून काम करता येईल का? एवढ्याशा खोलीत धोका तो काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जॅकेटची तुमची काळजी रास्त असली, तरी खरा धोका तिथे नाही. १९४३मध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी स्कूबाचा रेग्युलेटर तयार केला, तेव्हा असे जॅकेट नव्हतेच. सिलिंडर पट्ट्यांनी पाठीला बांधत. तळाशी बसून काम करायचे, तर अंग थोडे जडच हवे. त्यामुळे पक्का पट्टा आणि एका हाताने झटकन सुटणारा वजनाचा पट्टा पुरेल. मात्र वर आल्यावर तरंगत ठेवणारे काही नसते, म्हणून कडेपर्यंत दोर बांधून ठेवा.

‘उथळ म्हणजे सुरक्षित’ हा समज मात्र सोडा. ३ मीटरवर दाब सुमारे ३० टक्के जास्त असतो. तिथे घेतलेला श्वास रोखून वर आलात, तर फुप्फुसातली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. सव्वा मीटरवरूनही हे घडू शकते. म्हणून आधी प्रशिक्षण घ्या, श्वास सतत चालू ठेवा, पंप बंद करा, काठावर जाणता माणूस बसवा. सिलिंडर टायरवाल्याकडे भरू नका. हे जमण्यासारखे नसेल, तर प्रशिक्षित पाणबुड्याला बोलवा.