सोयरिकीपूर्वी सांगावयाची गोष्ट

विवाहाच्या बैठकीत पत्रिका, गोत्र, वेतन आणि मानपान यांची कसून चौकशी होते. परंतु ज्या रक्ततपासणीवर वधूवरांचे पुढील आरोग्य अवलंबून असते, तिचा दाखला सहसा कोणी मागत नाही. माझ्या यजमानांना हिपॅटायटिस बी असल्याचे विवाहापूर्वीच एका रक्तदान शिबिरानंतर कळले होते; तथापि ‘मुलगा धडधाकट आहे, बोभाटा कशाला’ असे म्हणून वडीलधाऱ्यांनी ती गोष्ट दडपली, आणि संसार सुरू झाल्यावर जुन्या कागदपत्रांत तो अहवाल माझ्या हाती आला. रोगाचे भय मला वाटलेच. परंतु जे संकट लसीने सहज टळले असते त्यात मला अजाणता लोटले गेले, हे शल्य अधिक खोल रुतले.

सुदैवाने माझे रक्त निर्दोष निघाले. लसीच्या मात्रा तीन: पहिली, महिन्याने दुसरी आणि सहाव्या महिन्यात तिसरी, त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करून ती किमान 10 एकके भरल्याची खातरजमा होईपर्यंत निरोध वापरणे आवश्यक असते.

घरात मात्र भलतीच तजवीज चालली होती. सासूबाईंनी मुलाचे ताट-पेला निराळे काढले, आणि माझ्या माहेरी यजमानांच्या चारित्र्याविषयी कुजबुज झाली. वस्तुतः हा विषाणू अन्नपाण्यातून, शिंकेतून वा आलिंगनातून पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीसमयी मातेकडून बालकाकडे जातो, आणि शरीराबाहेर वाळल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो. म्हणून निराळा ठेवावयाचा तो वस्तरा, दात घासण्याचा ब्रश आणि नखे कापण्याचे यंत्र. पुढे डॉक्टरांच्या आग्रहावरून सर्व कुटुंबाचे रक्त तपासले, तेव्हा सासूबाईंच्या आणि धाकट्या भावोजींच्याही रक्तात तोच विषाणू सापडला. जन्मतः लागण झालेल्या शंभर अर्भकांपैकी सुमारे नव्वदांत तो कायमचे ठाण मांडतो, मोठ्या माणसांत मात्र शंभरांत पाचांहूनही कमी. म्हणजे दोघा भावांना तो बहुधा जन्मतः आईकडूनच मिळाला होता. त्या दिवसापासून निराळे ताट पुन्हा इतर ताटांत गेले, आणि चारित्र्याची कुजबुजही थांबली.

यजमानांची तपासणी दर सहा महिन्यांनी होते. वधूच बाधित असेल तरीही मातृत्वाला आडकाठी नाही. मात्र प्रसूती रुग्णालयातच व्हावी, आणि जन्मल्यापासून बारा तासांच्या आत बालकाला लस व इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही मिळावीत.

गेल्या वर्षी भावोजींची सोयरीक ठरू लागली, तेव्हा त्यांनी आपला अहवाल स्वतः मुलीपुढे ठेवला. ती डॉक्टरांना भेटली, विचार करावयास तिने मुदत मागितली, आणि होकार दिल्यावर तिच्या तीनही मात्रा पुऱ्या होऊन प्रतिपिंडांचा अहवाल येईपर्यंत आम्ही मुहूर्त काढला नाही.