मुक्तस्रोत आज्ञावली आणि सार्वजनिक ग्रंथालय

ग्रंथालयात नवे पुस्तक आले की त्याची पहिली नोंद दाखलवहीत होते. दाखल क्रमांक, ग्रंथनाम, लेखक, किंमत हे सारे तीत उतरते. पुढे पुस्तक जीर्ण झाले वा गहाळ झाले तरी नोंद राहते. ही वही कपाटात असते तोवर ती कोणाची, असा प्रश्न उद्‌भवत नाही. तीच वही संगणकात गेली म्हणजे मात्र ती उघडण्याची किल्ली कोणाच्या हाती आहे, याचा विचार अगत्याचा ठरतो. न्यूझीलंडमधील एका लहान ग्रंथालय न्यासाने या बाबतीत केलेला प्रयोग ग्रंथालये चालविणाऱ्या आणि त्यांना साहाय्य करणाऱ्या सर्वांनाच उद्‌बोधक वाटेल.

होरोफेनुआचा प्रयोग

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, राजधानी वेलिंग्टनच्या उत्तरेस होरोफेनुआ हा जिल्हा आहे. तेथील लेविन, फॉक्स्टन व शॅनन या गावांतील ग्रंथालये एका न्यासामार्फत चालविली जात होती. १९९९ साली या न्यासापुढे पेच उभा राहिला. देवघेवीसाठी वापरात असलेली संगणकप्रणाली जुनी झाली होती आणि २००० या वर्षाचा हिशेब तिला करता येणार नव्हता. त्या काळच्या अनेक प्रणालींत वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदले जात. त्यामुळे '००' म्हणजे १९०० असा अर्थ लागण्याची भीती होती. ग्रंथालयाचा सारा व्यवहार परतीच्या तारखेवर चालतो. तारीखच चुकली तर हिशेब कोलमडणार, हे उघड होते.

न्यासाने तयार प्रणाली विकत घेण्याऐवजी वेलिंग्टन येथील कॅटिपो कम्युनिकेशन्स या संस्थेकडून नवी प्रणाली लिहवून घेतली. ३ जानेवारी २००० रोजी ती प्रत्यक्ष कामास लागली. त्यानंतरचा निर्णय अधिक महत्त्वाचा होता. ही आज्ञावली स्वतःपुरती न ठेवता न्यासाने ती सर्वांसाठी खुली केली. तिला 'कोहा' हे नाव देण्यात आले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट; पाहुण्याने यजमानांना द्यावयाची, आणि जिच्यात परतफेडीचा भावही अंतर्भूत असतो अशी भेट.

या औदार्यामागे व्यवहारदृष्टीही होती. एकट्या लहान न्यासाला आज्ञावलीची देखभाल वर्षानुवर्षे पेलणारी नव्हती. ती इतरांनी वापरली तर दुरुस्तीचा भार वाटला जाणार होता, आणि पुढे तसेच घडले. २००१ पासून फ्रान्समधील मार्से येथील एका तज्ज्ञाने तीत अनेक भाषांची सोय करण्यास प्रारंभ केला. २००२ मध्ये ग्रंथनोंदींच्या 'मार्क' या आंतरराष्ट्रीय मानकाचा तीत अंतर्भाव झाला. या कामाला पुढे अमेरिकेतील ओहायो राज्याच्या अथेन्स परगण्यातील सार्वजनिक ग्रंथालयांनी अर्थसाहाय्य दिले. या सुधारणा मूळ न्यासालाही उपलब्ध झाल्या.

मुक्त आणि विनामूल्य

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. आज्ञावली वापरण्याची, तिची मूळ संहिता अभ्यासण्याची, तीत बदल करण्याची आणि ती इतरांना देण्याची मोकळीक ज्या परवान्याने मिळते, ती आज्ञावली मुक्त होय. विनामूल्य मिळणारी प्रत्येक आज्ञावली मुक्त असतेच असे नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' प्रणाली ग्रंथालयांना विनामूल्य देण्यात आली आणि अनेकांना तिचा उपयोग झाला. परंतु तिच्या मूळ संहितेत वापरणाऱ्याने बदल करावा, अशी तिची योजना नाही. शासकीय कामकाजात मुक्तस्रोत आज्ञावलीला प्राधान्य द्यावे, असे धोरण केंद्र शासनाने २०१५ मध्ये जाहीर केले आहे.

परवान्याचे शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. संगणक, नोंदींचे टंकन, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, सुरक्षित प्रती आणि देखभाल यांसाठी तरतूद करावीच लागते. परवान्यावर जाणारा पैसा माणसांवर खर्च होतो, एवढाच फरक. लाभ असा की देखभालीचे काम एका संस्थेने नीट केले नाही तर ते दुसरीकडे सोपविता येते.

आपल्याकडील विचार

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेली ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात. ज्या लहान ग्रंथालयाचा संग्रह मोजका आहे, त्याला नीटनेटकी दाखलवही पुरेशी असते. केवळ इतरांनी केले म्हणून संगणकीकरण करण्याचे कारण नाही. कोहामध्ये अनेक शाखांचा कारभार एकत्र चालविता येतो. त्यामुळे काही ग्रंथालयांनी मिळून एकच यंत्रणा उभारणे हा मार्ग अधिक काटकसरीचा ठरेल.

मराठी ग्रंथसंग्रहाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पूर्वी निरनिराळ्या खाजगी टंकांत केलेल्या नोंदी नव्या प्रणालीत निरर्थक चिन्हे होऊन दिसतात. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून मुळाबरहुकूम तपासल्या पाहिजेत. दुसरी गोष्ट नावांच्या एकसूत्रतेची. एकाच लेखकाचे नाव एका नोंदीत 'पु. ल. देशपांडे', दुसरीत 'देशपांडे पुरुषोत्तम लक्ष्मण' असे पडले, तर वाचकाला त्याची निम्मीच पुस्तके सापडतील. हा दोष कोणतीही आज्ञावली आपोआप दूर करीत नाही. ते ग्रंथपालाचेच काम आहे.

नवी पद्धत स्थिरावेपर्यंत काही महिने लेखी वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवावेत. सुरक्षित प्रत घेतली आहे, एवढ्यावर समाधान न मानता त्या प्रतीवरून सर्व नोंदी पुन्हा उभ्या करता येतात का, हे वर्षातून एकदा तरी करून पाहावे. आणि ठराव मंजूर करण्यापूर्वी कार्यकारी मंडळाने वा ग्रामपंचायतीने काम देऊ पाहणाऱ्या संस्थेला विचारावे: उद्या हा करार संपला, तर आमच्या नोंदी आम्हाला कोणत्या स्वरूपात परत मिळतील? उत्तर करारात लिहून घ्यावे, आणि शंभर नोंदी त्या स्वरूपात काढून दाखविण्यास सांगावे. तेवढे झाल्याखेरीज दाखलवही कोणाच्याही स्वाधीन करू नये.